चोरासाठी रांगोळी

लिमयेकाकू घराबाहेर पडताना दाराच्या आत रांगोळी काढत. बाहेर नव्हे, आत; आणि देवासाठी नव्हे, चोरासाठी. जपानी घरात दार उघडल्या उघडल्या बूट काढायची एक खोलगट चौकोनी जागा असते. चहाच्या गाळणीतून त्या जागेवर तांदळाचं पीठ भुरभुरायचं, त्यावर चिमटीने आठ पाकळ्यांचं कमळ काढायचं, आणि उलट्या पावलांनी बाहेर येऊन दाराला दोन कुलपं लावायची, हा त्यांचा शिरस्ता. परत आल्या की दार चार बोटं उघडून आधी कमळ बघत. ते शाबूत असलं तरच आत पाऊल. झोपतानाही तेच. "पीठ कुणीही भुरभुरवेल हो," त्या मला म्हणाल्या होत्या. "चोराने पाय दिला आणि वरून पुन्हा पीठ टाकलं तर? म्हणून कमळ. म्हणावं, काढून दाखव!"

आम्ही कावासाकीला राहायला गेलो ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या एका कंपनीत तीन वर्षांचं सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं. मी तिशीची, मुक्ता चार वर्षांची. स्टेशनपासून बारा मिनिटांवर जुनी तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर ओळीने तीन घरं. एका टोकाला आम्ही, पलीकडच्या टोकाला मोरी-सान, म्हणजे मोरीबाई. मधल्या घराच्या दारावर जपानी अक्षरांत पाटी होती. सतीशला ती अक्षरं लावता येत होती. दुसऱ्याच दिवशी तो ओरडत आला, "अगं, शेजारी लिमये राहतात!" मी ओल्या हातांनी धावत सुटले आणि बेल दाबली. परक्या मुलुखात शेजारी लिमये निघणं म्हणजे लॉटरीच की!

आतून जपानीत काहीतरी प्रश्न आला. मी सरळ मराठीत म्हटलं, "आम्ही शेजारी आलोय नवीन. तुम्ही लिमये ना?"

दार उघडलं नाही. दाराच्या भोकामागे डोळा होता हे मात्र मला जाणवत होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दारावर पाटी आहे."

"काढते आजच."

मी हसले. आत कुणी हसलं नाही. "कुठल्या तुम्ही?" "पुण्याच्या." "कशावरून?" आता कशावरून म्हणजे काय सांगणार? तर आतून परीक्षाच सुरू झाली. "तुळशीबागेत शिरलं की आधी काय दिसतं?" मी म्हटलं, "काही दिसत नाही, गर्दीच दिसते." मग साखळी लावलेलं दार टीचभर उघडलं. "बरोबर. पाठ करून आलेली असती तर देऊळ म्हणाली असती."

अशी आमची ओळख झाली. सत्तरीच्या काकू, ठेंगण्या, काटक. घरात सुती पाचवारी, वर तपकिरी स्वेटर, आणि पायांत अंगठा वेगळा असलेले जपानी मोजे. लिमयेकाका तीस वर्षांपूर्वी योकोहामाला जहाजांच्या कंपनीत कारकून म्हणून आले होते. ते जाऊन आठ वर्षं झाली होती. एकुलता मुलगा श्रीधर ओसाकाला. जपानी बायको, मोठी नोकरी. तो आईला तिकडे बोलवत होता आणि काकू जात नव्हत्या. मला मात्र त्या शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणणार असं त्यांनी पहिल्या चहालाच जाहीर करून टाकलं. "मी सगळ्यांना अहोजाहोच करते. अगंतुगं सुरू झालं की माणूस हळूहळू घरात शिरतं."

घरात शिरलेलं एकच होतं. सोवळी. पांढरीशुभ्र मांजर, दिवसातून चाळीस वेळा अंग चाटून काढणार आणि काकूंखेरीज कुणाचा हात लागू देणार नाही, म्हणून हे नाव. काका गेले त्याच महिन्यात ती जिन्यात सापडली होती. नाव सोवळी, पण वागणं! सरकती कपाटं पंजाने उघडून घडी घातलेल्या गाद्यांत झोपायची. काकांचा फोटो फळीवर भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवायची. आणि रोज दुपारी चारच्या सुमाराला काकूंचा चष्मा टेबलाच्या कडेपर्यंत एकेक बोट ढकलत न्यायची, काकूंच्या डोळ्यांत बघायची आणि पाडायची.

"बघते, मी अजून उठून उचलते की नाही," काकू वाकून चष्मा उचलत म्हणायच्या. "रोज परीक्षा घेते माझी. ज्या दिवशी उचलणार नाही त्या दिवशी हिला कळेल आधी." मग मांजराला मांडीवर घेऊन, "काहीही करो, या घरात भरवशाचं माणूस एकच, आणि ते मांजर आहे."

आता गोची अशी की त्या इमारतीत जनावर पाळायला बंदी होती. करारात तसं छापलेलंच होतं. मालकाला कळलं तर मांजर जाणार किंवा काकू, आणि काकूंच्या हिशेबी दोन्ही एकच. म्हणून सगळा लपूनछपून कारभार. मांजराच्या शी-शूची वाळू दुधाच्या रिकाम्या खोक्यांत भरून, चिकटपट्टी लावून कचऱ्यात जायची. मांजराच्या खाण्याचे रिकामे डबे मात्र न जळणाऱ्या कचऱ्यात, म्हणजे पारदर्शक पिशवीत टाकावे लागत. ते धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे येत.

"तुमच्या पिशवीत टाका. तुमच्याकडे लहान मूल आहे, तुमच्या कचऱ्यात काहीही शोभतं."

"काकू, मुलं मांजराचं खाणं खातात का?"

"इथे कुणी विचारत नाही. नुसतं बघतात आणि लक्षात ठेवतात."

बघणाऱ्या म्हणजे मोरी-सान. साठीच्या, करड्या केसांच्या, कायम एप्रन बांधलेल्या. आमच्या जिन्याच्या कचऱ्याची देखरेख त्यांच्याकडे होती. सकाळी जाळीखाली ठेवलेल्या पिशव्यांसमोर उकिडवं बसून त्या एकेक पिशवी निरखत. चुकीच्या वारी चुकीचा कचरा दिसला की लाल चिठ्ठी लावून पिशवी ज्याची त्याच्या दारात परत. माझी पहिल्या महिन्यात तीनदा परत आली. शिवाय त्यांनी इमारतीच्या भिंतीलगत पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. पाण्याची चमक बघून मांजरं फिरकत नाहीत, असा तिकडे समज आहे. "मांजरासाठी म्हणते," काकू पडद्याआडून मला दाखवत. "मांजरासाठी नाहीत त्या. मला कळावं म्हणून आहेत."

काकूंचा संशय एकट्या मोरी-सानवर नव्हता. गॅसचा मीटर बघायला येणाऱ्यावर होता, कारण तो नमस्काराला दोनदा वाकायचा. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या माणसावर होता. "उद्या ऊन आहे म्हणाला. हसून का म्हणाला?" माझ्यावर होताच, आणि तो त्या लपवतही नसत. मी साखर मागायला गेले की साखर देत आणि विचारत, "खरंच संपली का बघायला आलात?" मी चिडले की शांतपणे म्हणत, "संशय सगळ्यांवर सारखा घ्यायचा, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही." मला तेव्हा त्याचं फार हसू यायचं. मी आपली सरळ, भाबडी, पटकन विश्वास टाकणारी बाई, असा माझा माझ्याबद्दल पक्का समज होता.

नव्या वर्षाच्या सुट्टीत श्रीधर आईला भेटायला आला. चाळिशीचा, सुटाबुटातला, मराठी बोलताना मध्येच जपानीत अडखळणारा. जाताना त्याने मला जिन्यात गाठलं.

"वहिनी, एक रिक्वेस्ट आहे. आई म्हणते घरात कुणीतरी येऊन जातं. वस्तू ठेवून जातं. मला भीती वाटते. डॉक्टर म्हणाले, या वयात असं सुरू होतं. तुम्ही जरा लक्ष ठेवाल? मी दर बुधवारी लंचच्या वेळी फोन करीन. आईला मात्र सांगू नका हं."

मी हो म्हटलं. त्यात काय वाईट होतं? मुलगा काळजीने विचारतोय. आमचा फोन स्वयंपाकघरात होता, काकूंच्या भिंतीला लागून. दर बुधवारी मी सांगायचे, जेवल्या, फिरायला गेल्या, आज रांगोळी दोनदा पुसून काढली. तो म्हणायचा, "थँक्स वहिनी." मी फोन ठेवायचे आणि अर्ध्या तासाने काकूंकडे चहाला जायचे. लाज वगैरे काही वाटत नव्हती, हे आता लिहिताना मात्र वाटते.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी काकूंनी मला आत बोलावून दाराला साखळी लावली. खिडकीचा पडदा ओढला. मग कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर उघडला. आत काय असावं? एक पुरुषी करडा मोजा, बागकामाचा एकच हातमोजा, कपडे वाळत घालायचे दोन गुलाबी चिमटे, भांड्याखाली ठेवायचं विणलेलं फडकं, आणि एक लहानसा पिवळा मोजा. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर काकूंचं मुंगीएवढं अक्षर.

"हे सगळं माझ्या घरात सापडलं. यातलं काही माझं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी वस्तू आणून ठेवायच्या, आणि मग म्हणायचं, म्हातारी चोर आहे. घर रिकामं करवायची रीत आहे ही. कमळ मात्र रोज शाबूत असतं. म्हणजे दारातून कुणी येत नाही. मग कसं येतं?"

मी पिवळ्या मोज्याकडे बघत होते. तो मुक्ताचा होता. बालवाडीत प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव लिहावं लागे. मोज्याच्या कडेला माझ्याच हातची वाकडीतिकडी जपानी अक्षरं होती. महिन्यापूर्वी तो आमच्या गॅलरीतल्या दोरीवरून नाहीसा झाला होता. म्हणजे काकूच उचलतात? आणि त्यांना आठवतही नाही?

"यातलं काही ओळखता का?" काकूंनी विचारलं.

मी मोजा हातात घेतला, उलटा केला, आणि म्हटलं, "नाही."

का म्हटलं असेल मी? म्हातारीला लाजवायला नको, अशी मी माझी समजूत घातली. खरं तर मी घाबरले होते. डब्याचं झाकण लावताना ते हातातून निसटून खणखणलं. आणि मला ती अक्षरं लावायला घाम फुटायचा म्हणून की काय, एक साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. काकू त्या देशात तीस वर्षं राहत होत्या. मोज्यावर मुक्ताचं नाव लिहिलंय हे त्यांनी कधीच वाचलेलं होतं.

बुधवारी श्रीधरचा फोन आला. मी सांगून टाकलं. "शेजाऱ्यांच्या वस्तू उचलतात हो. माझ्या मुलीचा मोजा त्यांच्याकडे निघाला. आणि मलाच विचारतात, कुणी आणून ठेवला." पलीकडे त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "वहिनी, आता नाही चालणार. माझ्या घराजवळ एक चांगलं होम आहे, वृद्धांचं. मी पुढच्या आठवड्यातल्या रविवारी येतो पेपर्स घेऊन." मी विचारलं, "आणि मांजर?" तो म्हणाला, "होममध्ये अलाउड नाही. मांजराचं काय करायचं ते... तुम्ही नका विचारू."

मी फोन ठेवला. त्या दिवशी चहाला गेले तर काकूंनी दार उघडलं नाही. बेल वाजवली, हाका मारल्या. आत पावलं वाजली, पण दार बंदच. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या मुठीला एक पिशवी लटकत होती. आत मी खीर घालून दिलेली वाटी. घासून लख्ख, आणि रिकामी. मराठी घरातून वाटी रिकामी परत येत नाही. चार दाणे साखरेचे तरी घालतात. हे आम्हा दोघींनाही चांगलं ठाऊक होतं. त्या रिकाम्या वाटीने माझ्या थोबाडीत मारल्यासारखं झालं.

पुढचे दहा दिवस मी नुसती घालमेल केली. त्या माझ्यावर संशय घेतात याचा राग येत होता. शिवाय रविवारी काय होणार हे मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

रविवारच्या आदल्या सकाळी, शनिवारी, मुक्ता गॅलरीतून नाचत आली. "नेको! नेको!" मराठीत प्रश्न विचारला तरी ती तेव्हा जपानीतच उत्तर द्यायची, पण नेको म्हणजे मांजर हे मला एव्हाना कळत होतं. मी बाहेर गेले. आमच्या आणि काकूंच्या गॅलरीमध्ये एक पातळ फळकूट होतं, आणि त्याच्या खाली वीतभर फट; मोरी-सानच्या बाजूलाही तसंच. त्या फटीतून आमच्या फरशीवर पांढरी पावलं उमटत आली होती. चार बोटांची, गोल, पिठाची. आमच्या कपड्यांच्या दोरीखाली ती घुटमळली होती आणि सतीशच्या एका मोज्यासकट परत फटीत गेली होती. मी आडवी होऊन पलीकडे डोकावले. काकूंनी दाराचा संशय फिटल्यावर गॅलरीतही पीठ पसरून ठेवलं होतं. त्यावरच्या कमळाच्या दोन पाकळ्या पुसल्या गेल्या होत्या.

मी त्यांच्या दाराशी गेले, पत्र टाकायच्या फटीची झडप वर केली आणि गुडघ्यावर बसून आत ओरडले, "काकू, चोर सापडला!"

पावलं दारापर्यंत आली. "कोण?"

"सोवळी."

दार असं फाडकन उघडलं की मी आत पडणारच होते. एवढ्या संतापलेल्या काकू मी कधी पाहिल्या नव्हत्या. "माझ्या मांजरावर आळ घेता? लाज नाही वाटत? मुक्या जनावरावर?" मी काही न बोलता त्यांचा हात धरला आणि गॅलरीत नेलं. सोवळी कोपऱ्यात उन्हाला बसून पुढचा पंजा चाटत होती. पंजाला पीठ होतं. शेजारी सतीशचा मोजा.

काकू हळूच खाली बसल्या. एका पावलाच्या कडेने बोट फिरवलं. "आठ वर्षं रांगोळी घातली," त्या म्हणाल्या. "आणि सापडलं कोण, तर घरचंच." मग हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही.

मी तेव्हा सगळं ओकून टाकलं. मोजा मुक्ताचा आहे हे मी ओळखलं होतं, मी खोटं बोलले, श्रीधर मला फोन करतो, उद्या तो न्यायला येतोय. काकूंनी मान हलवली.

"दर बुधवारी. साडेबाराला. भिंत कागदाची आहे इथली."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी माझ्याबद्दल बोलतंय. जेवली म्हणून सांगतंय. बरं वाटायचं." त्या मांजराकडे बघत होत्या. "त्या बुधवारी मात्र ऐकायला नको होतं असं झालं."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते मागे ओढून घेतले नाहीत एवढंच.

रविवारी श्रीधर आला. काकूंनी त्याला नीट बसवलं, चहा दिला आणि एखाद्या वकिलासारखी केस मांडली. पण पिठाची पावलं दाखवून तो बधेना. "आई, मांजर बाल्कनीत गेलं एवढंच दिसतंय." मग काकूंनी प्रयोगच लावला. आमच्या दोरीवर तीन मोजे टांगले, आणि श्रीधर, काकू, मी आणि मुक्ता, असे चौघे काकूंच्या गॅलरीच्या पडद्याआड दबा धरून बसलो. सोवळी आली. आमच्याकडे बघितलं. आणि खोलीच्या मधोमध बसून अंग चाटायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. काकूंचे ओठ हलत होते. तीस वर्षांत विसरलेलं एखादं स्तोत्र आठवत असाव्यात. श्रीधरने घड्याळ बघितलं, उठला, आणि बॅगेतून कागद काढले. "आई, पुरे आता. इथे सही कर."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता. निव्वळ भीती होती. मला वाटलं, आपण या बाईचं घर मोडलं.

तेवढ्यात मुक्ता खुदकन हसली. कधी सटकली ते कळलंच नव्हतं, पण दाराकडून सोवळी येत होती, मान उंच करून, अडखळत, कारण तोंडात तिच्याहून थोडीच लहान अशी एक वस्तू होती. श्रीधरचा काळा चामड्याचा हातमोजा. त्याने बुटांपाशी काढून ठेवलेला. तो हातमोजा तिने आम्हा चौघांच्या आणि त्या कागदांच्या मधून फरफटत नेला आणि फ्रिजमागे टाकला. मग परत येऊन श्रीधरसमोर बसली आणि चाटायला लागली.

श्रीधरने फ्रिजमागे डोकावून बघितलं. मग पोट धरून हसला. काकू म्हणाल्या, लहानपणानंतर तो असा हसलेला त्यांनी पाहिला नव्हता. कागद परत बॅगेत गेले. "ठीक आहे. उन्हाळ्यापर्यंत बघू."

"कुठल्या उन्हाळ्यापर्यंत ते सांगू नकोस," काकू म्हणाल्या.

तो गेल्यावर काकूंनी डबा काढला. "चोराची मालकीण आहे मी. माल परत केला पाहिजे." मी म्हटलं, अहो, मोरी-सानला सांगायचं म्हणजे मांजर उघडं पडणार, मालकापर्यंत जाणार. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. आठ वर्षं तिच्यावर संशय घेतला, ती चोर नाही. एवढं तरी तिला देणं आहे माझं." त्यांनी हातमोजा, करडा मोजा आणि बाकीचा ऐवज धुतला, इस्त्री केली, जपानी पद्धतीने सुंदर कागदात बांधला. आणि पलीकडच्या दाराशी गेल्या. त्या दिवशी घराबाहेर पडताना त्यांनी रांगोळी घातली नाही.

मोरी-सान दारात दोनदा वाकल्या. पुडकं उघडून हातमोजा उलटापालटा करून बघितला, आणि मग माझ्याकडे बघून चक्क लाजल्या. काकूंनी मला त्यांचं बोलणं समजावून सांगितलं. "म्हणते, क्षमा करा, या नवीन बाई आल्यापासून माझे चिमटे जायला लागले, म्हणून मला वाटलं, याच घेतात." म्हणजे वर्षभर मोरी-सान माझ्यावर पाळत ठेवून होत्या! माझ्या कचऱ्यात मांजराचे डबे बघून तर त्यांची खात्रीच पटली असणार, की ही बाई साधीसुधी नाही. मग त्या मांजराबद्दल एवढंच म्हणाल्या, "आवाज ऐकते मी, आठ वर्षं. पण पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या गोष्टीची तक्रार कशी करणार?" आणि दार लावून घेतलं.

मुक्ताचा पिवळा मोजा मात्र काकूंनी मला परत दिला नाही. "हा राहू दे. तुम्ही खोटं बोललात त्याचा पुरावा आहे." डब्यात ठेवून झाकण लावलं. मला वाटलं, यातून मी कधी सुटणार नाही, आणि मनातल्या मनात मी ते मान्यही करून टाकलं.

पुढची दोन वर्षं काकू तिथेच राहिल्या. रांगोळी पुन्हा सुरू झाली. "चोर सापडला म्हणजे दुसरे चोर नाहीत असं थोडंच आहे?" चष्मा रोज चारला पडायचा. तो उचलायला त्यांना आता जास्त वेळ लागायचा, भिंतीला हात टेकावा लागायचा, पण उचलायच्या. आमची मुदत संपली तेव्हा स्टेशनपर्यंत येऊन त्यांनी माझ्या हातात वाटी ठेवली. तीच, मी पुन्हा खीर घालून दिलेली, आणि या वेळी साखरेने काठोकाठ भरलेली. "पोचलीस की फोन कर," म्हणाल्या. "बुधवारी कर. सवय आहे मला." त्या 'तू' म्हणाल्या हे मला गाडी सुटल्यावर लक्षात आलं.

पुण्याहून मी बुधवारी फोन करत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात श्रीधरचाच फोन आला. गुरुवारी सकाळी जळणाऱ्या कचऱ्याच्या जाळीखाली काकूंची पिशवी दिसली नाही, म्हणून मोरी-सान वर गेल्या, बेल वाजवली, आतून मांजराचा आवाज ऐकला आणि मालकाकडून किल्ली आणवली. काकू झोपेत गेल्या होत्या. ज्या पाळतीला त्या आयुष्यभर घाबरल्या, तिनेच त्यांना तासाभरात शोधून काढलं. "दाराशी रांगोळी होती म्हणे," श्रीधर म्हणाला. "तिच्यावर फक्त मांजराची पावलं होती, वहिनी. दारापर्यंत आणि परत, दारापर्यंत आणि परत." मी मांजराचं विचारलं. तो म्हणाला, "आमच्याकडे आहे. बायको शिंकते. काय करणार?"

महिन्याभराने एक पार्सल आलं. बिस्किटांचा डबा. आत पिवळा मोजा, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. एवढ्या वर्षांत ती मी कधी वाचली नव्हती. चष्मा लावून खिडकीपाशी नेऊन वाचली.

"सोमवार. फ्रिजमागे. मुक्ताचा मोजा. संशयित: मोरी. मीटरवाला. श्रीधर. मुक्ताची आई."

शेवटच्या नावावर त्याच शाईने काट मारलेली होती. आणि त्याखाली, त्याच सोमवारचं, त्याच मुंगीएवढ्या अक्षरात: "आज विचारलं. ओळखला, पण नाही म्हणाली. झाकण हातातून सुटलं. खोटं बोलली, पण पोर चोर नाही. हिचं नाव काढलं."

सगळ्यांवर सारखा संशय घेणाऱ्या त्या बाईने त्या सोमवारी माझं एकटीचं नाव काढून टाकलं होतं. आणि दोनच दिवसांनी, बुधवारी साडेबाराला, त्यांच्याच भिंतीला टेकून उभी राहून मी फोनवर त्यांना चोर म्हटलं.